तलावाचं पाणी बिघडलं की प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) मरतात का? भरपूर दिसले तर पाणी चांगलं समजावं का?

नाही. किती आहेत यापेक्षा कोण आहेत ते बघा.

एम.एस्सी.ला असताना मी पारोळ्याकडच्या एका पाझर तलावाचे नमुने घ्यायचो. पावसाळ्यानंतर गाळ बसला, की बाटली उजेडात धरताच डॅफ्निया, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, दिसायच्या. मोहरीएवढ्या, झटके देत वर-खाली करणाऱ्या. मे महिन्यात पाणी गुडघाभर आणि हिरवंगार. जाळीत नमुना दाट यायचा, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर नुसते रोटिफर, म्हणजे डॅफ्नियाहूनही बारीक प्राणी, त्यातही ब्रॅकिओनस हा प्रकार जास्त. डॅफ्निया जवळजवळ गायब.

सांडपाणी आणि शेतातलं खत उतरलं की फॉस्फरस वाढतो आणि नीलहरित शेवाळ माजतं. त्याचे पुंजके डॅफ्नियाला गिळवत नाहीत, उलट ती ज्या गाळणीने पाण्यातून अन्न गाळून घेते, तीच तुंबते. रोटिफर जिवाणू आणि बारीक कुजका कचरा खाऊन मजेत वाढतात. उथळ तलावात आणखी एक पीडा म्हणजे वारा. तो तळाचा गाळ पुन्हा पुन्हा वर आणतो, आणि मातीच्या कणांनीही तीच गाळणी भरते.

ऑक्सिजनने मात्र आम्हाला चांगलंच फसवलं. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच. आम्ही आरामात अकरा वाजता पोहोचायचो आणि आकडा झकास यायचा, कारण उन्हात शेवाळच ऑक्सिजन सोडत असतं. एकदा पहाटे पाचला गेलो, तेव्हा कळलं की रात्रभर तेच शेवाळ तो ओढूनही घेतं. उरलेल्या दोन-चार डॅफ्निया लालसर होत्या. ऑक्सिजन कमी पडला की त्या अंगात हिमोग्लोबिन वाढवतात.

कपाशीवरच्या फवारणीचं पाणी उतरत असेल तर तेही विचारात घ्या. कीटकनाशकाचा अगदी थोडा अंशही डॅफ्नियाला मारतो. म्हणून तर रसायनांची ४८ तासांची विषचाचणी तिच्यावर करतात.

नमुन्यात दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लोंबणारा सायक्लॉप्स हा प्लवक दिसला तर घाबरू नका. नारू हा जंताचा रोग पसरायचा तो याच्यामुळे, आणि जुन्या बायका पाणी फडक्यातून गाळायच्या ते उगाच नव्हे. पण भारत २००० मध्येच नारूमुक्त जाहीर झाला.

तुमच्या तलावात डॅफ्निया नसली तर लगेच पाण्याला दोष देऊ नका. आधी मासेमारीच्या ठेकेदाराला विचारा, मत्स्यबीज कधी सोडलं होतं. माशांची पिल्लं सगळ्यात आधी तिलाच टिपतात.