वॅक्सच्या आधी भांड्यांचा साबण? लिक्विड एकदा चालेल, वडी अजिबात नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी दोन वर्षांची, पांढरी, आजवर वॅक्स केलेलं नाही. पावसाळ्याआधी घरीच वॅक्स करायचा विचार आहे आणि शेजारचे काका म्हणतात, आधी भांड्यांच्या साबणाने धुऊन घे, जुना थर निघाला की वॅक्स नीट धरतं. यात रंगाचं नुकसान होईल का?

पहिली गोष्ट, तुमच्या गाडीवर कधी वॅक्स लागलंच नाही, तर निघायला जुना थर आहे कुठे? गाडी घेताना शोरूमवाल्यांनी 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणून काही फासलं असेल, तर दोन वर्षं उन्हापावसात काढल्यावर त्यातलं फारसं काही शिल्लक नसणार. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर घट्ट चिकटणारा कडक संरक्षक थर, केलं असेल तर गोष्ट वेगळी. ते साबणाने निघत नाही आणि त्यावर वॅक्सची गरजही नसते.

आता काकांच्या सल्ल्याकडे. हा सल्ला अमेरिकेतून फिरत फिरत आपल्याकडे आला आहे. तिकडे भांड्यांचा साबण म्हटलं की बाटलीतलं लिक्विड. आपल्याकडे त्याच शब्दात तीन वस्तू येतात: वडी, पावडर आणि लिक्विड. आणि मोरीत हाताशी असते ती वडी. घोळ इथेच होतो.

भिजलेल्या वडीचा चिमूटभर लगदा दोन बोटांत घेऊन चोळून बघा. कचकच लागते ना? ती खनिजांची बारीक पूड असते, करपलेलं खरवडून काढण्यासाठी मुद्दाम घातलेली. कढईच्या बुडाला ती हवीच. गाडीच्या रंगावर मात्र वरून जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची सगळी चमक त्याच्यात असते, आणि वडी घासली की पहिला ओरखडा त्यालाच पडतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझी पहिली गाडी गडद निळी होती. बॉनेटवर कबुतराने घाण केली होती आणि ती दोन दिवस उन्हात वाळली. मी उत्साहाने वडी आणि हिरवी घासणी घेऊन बसलो. ओलं होतं तोवर सगळं झकास दिसत होतं. वाळल्यावर तळहाताएवढा धुरकट डाग उमटला, जणू कोणी आरशावर श्वास सोडलाय. गॅरेजमध्ये मशीनने पॉलिश करून बराचसा गेला, पण रात्री पेट्रोल पंपाच्या ट्यूबलाइटखाली गाडी उभी केली की शेवटपर्यंत दिसायचा. वडिलांच्या स्कूटरची कथा तर आणखी जुनी. तेव्हाच्या रंगांवर क्लिअर कोट नसायचा, त्यामुळे दर रविवारी भांड्यांच्या पावडरीने घासताना फडक्याला थेट रंगच यायचा. आम्ही समजायचो मळ निघतोय!

लिक्विडचं तसं नाही. त्यात घासणारी पूड नसते आणि बादलीभर पाण्यात एक-दोन झाकणं टाकून एकदा गाडी धुतली तर रंगाला काहीही होत नाही. रंग उडतो, गंज चढतो वगैरे ऐकलं असेल तर एका धुण्यासाठी ते मनावर घेऊ नका. दर आठवड्याला मात्र वापरू नका. एक तर त्याचा फेस गाडीच्या शाम्पूइतका बुळबुळीत नसतो. शाम्पूत मुद्दाम तो निसरडेपणा असतो, म्हणजे धुळीचे कण रंगावर न घासता घसरून जातात. दुसरं म्हणजे ते नीट धुतलं गेलं नाही तर पातळ पापुद्रा मागे राहतो.

आणि या पापुद्र्यामुळेच 'जुना वॅक्स निघाला' असा भास होतो. मी एकदा मुद्दाम करून पाहिलं. वॅक्स करून महिना झालेलं बॉनेट, मधोमध कागदी टेप. डावी बाजू भांड्यांच्या लिक्विडने, उजवी गाडीच्या शाम्पूने धुतली. पाणी मारल्यावर उजवीकडे टपोरे थेंब, अळूच्या पानावरच्यासारखे. डावीकडे पाण्याची सपाट चादर. म्हटलं, काका लोक बरोबर सांगतात. पुढच्या आठवड्यात दोन मोठ्या सरी पडून गेल्या आणि डाव्या बाजूला थेंब परत आले, थोडे चपटे, पण आले. म्हणजे मेण तिथेच होतं, वर फक्त साबण बसला होता.

नवल वाटायचं कारण नाही. दिवाळीत स्टीलच्या ताटलीत मेणबत्ती ठेवता, मेण ओघळून गोठतं. ती ताटली लिक्विडने कितीही धुवा, मेण हटतं का? तूप जातं, तेल जातं, मेणाला शेवटी नख लावावं लागतं. गाडीच्या वॅक्समध्ये बऱ्याचदा कार्नोबा असतं, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवर येणारं मेण. ते ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे 'कोमट पाणी घे' या सल्ल्यालाही अर्थ नाही. जुनं वॅक्स खरंच काढायचं असेल तर हलकं पॉलिश मारतात, किंवा पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतात. करोनातलं उरलेलं सॅनिटायझर त्यासाठी वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते चिकट थर सोडतं.

तुमच्या गाडीला वॅक्सच्या आधी गरज वेगळ्याच गोष्टीची आहे. गाडी धुऊन वाळवा, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरून, छपरावरून बोटं हलकेच फिरवा. एरवी न जाणवणारी खरखर पिशवीतून बरोबर कळते, रव्यावरून हात फिरवल्यासारखी. कुठलाही साबण ती काढत नाही. तो रंगात रुतून बसलेला मळ असतो: झाडाचा चीक, शेजारच्या इमारतीच्या रंगकामाचे शिंतोडे, लोखंडाची भुकटी. मी डोंबिवलीला राहतो, गाडी रुळांपासून हाकेच्या अंतरावर उभी असते. रेल्वेच्या चाकांची आणि ब्रेकची लोखंडी धूळ उडून बसते आणि गंजते. पांढऱ्या गाडीवर ती बारीक केशरी ठिपक्यांसारखी दिसते. तुमच्या मागच्या दाराच्या खालच्या भागात वाकून बघा, रुळाजवळ राहत नसलात तरी स्वतःच्या ब्रेकची थोडी तरी सापडेल.

यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. मारला की ठिपके जांभळे होऊन ओघळतात. बघायला मजा येते, वास मात्र भयंकर, तेव्हा मास्क लावा आणि फवारा गाडीच्या रंगावर सुकू देऊ नका. त्यानंतर क्ले बार, म्हणजे कणकेच्या गोळ्यासारखी माती. शाम्पूच्या पाण्याने पृष्ठभाग भरपूर ओला ठेवून ती हलक्या हाताने सरकवायची. दोन मिनिटांत खरखर थांबते आणि हात काचेवरून गेल्यासारखा जातो. गोळा चुकून जमिनीवर पडला तर हळहळ न करता तो तुकडा फेकून द्या, त्यात घुसलेली वाळू वडीपेक्षा वाईट.

बाकी धुण्याबद्दल फार सांगत नाही. सावलीत धुवा, आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्या, वरून खाली या, चाकांचा फडका वेगळा ठेवा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर गाडी आपोआप वाळू देऊ नका, पांढरे क्षारांचे ठिपके पडतात आणि वॅक्सखाली अडकतात. शाम्पूची बाटली दोन-तीनशे रुपयांत येते आणि वर्षभर पुरते, म्हणून मी तरी आता लिक्विडच्या वाटेला जात नाही. आज घरात तेवढंच असेल तर बिनधास्त वापरा, फक्त नेहमीपेक्षा दुप्पट पाण्याने धुऊन काढा.

पांढऱ्या गाडीची एक खोड आहे. वॅक्स कुठे लागलं, कुठे राहिलं, ते दिसतच नाही. एका वेळी एकच दार घ्या, थर अगदी पातळ ठेवा, बोट फिरवून पुसलं जातंय का बघा आणि मग मायक्रोफायबरने काढा. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सुरू करायच्या आधीच कागदी टेप मारून घ्या. माझ्या वायपरखालच्या पट्टीवर गेल्या दसऱ्याचे पांढरे डाग अजून आहेत.