परदेशात गेल्यावर तिथला भाजीबाजार कसा बघायचा?

तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच परदेशी निघालोय, सगळे म्हणतात तिथल्या बाजारात नक्की जा. पण शाकाहारी माणसानं तिथं जाऊन करायचं काय, आणि नुसतं बघत फिरलं तर विक्रेते वैतागत नाहीत का?

वैतागतात, आणि ते रास्तच आहे. मी पुण्यात शुक्रवार पेठेत वाढले. आजीचं बोट धरून रोज मंडईत जायचे, त्यामुळे गाळ्यावर बसलेल्या माणसाची बाजू मला आधी दिसते. त्याची अजून भवानी व्हायची असते आणि समोर कुणीतरी वांग्यांच्या ढिगाचे फोटो काढत उभं असतं. मागचं गिऱ्हाईक ताटकळून पुढच्या गाळ्यावर निघून जातं. बार्सिलोनाच्या बोकेरिया बाजारात हे इतकं वाढलं, की २०१५ मध्ये पंधरापेक्षा मोठ्या पर्यटक गटांना शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी आत यायला मनाई करावी लागली. शेजारपाजारच्या लोकांना भाजी घेणं मुश्कील झालं होतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. बाजार बघायला जाऊ नका, बाजार करायला जा. पिशवी घेऊन जा, पाव किलो काहीतरी घ्या, आणि जमलं तर राहायची खोली अशी घ्या जिथं एक शेगडी आणि एक पातेलं असेल. गिऱ्हाईक म्हणून उभं राहिलात की भाषा येत नसली तरी समोरचा माणूस बोलतो.

हे मला नीट कळलं ते जॉर्जियात. तिबिलिसीला रेल्वे स्टेशनजवळ डेझर्टर बाजार आहे. डेझर्टर म्हणजे सैन्यातून पळालेला. १९२० च्या दशकात असे शिपाई इथं आपली हत्यारं विकायचे, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सप्टेंबर होता, द्राक्षांचे ढीग लागले होते. चुर्चखेलाच्या माळा टांगलेल्या होत्या. अक्रोड दोऱ्यात ओवून पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात बुडवायचे आणि वाळवायचे, असा तो प्रकार. लांबून मेणबत्त्याच वाटतात. एका मसाल्याच्या गाळ्यावर आजी बसल्या होत्या. त्यांच्यापुढे गडद पिवळी भुकटी होती, ती हळद नव्हती. मी शंभर ग्रॅम अक्रोड घेतले आणि भुकटीकडे बोट दाखवून खुणेनंच 'हे काय?' विचारलं. त्यांनी पिशवीतून एक सुकलेलं फूल काढलं, तळहातावर चुरडलं आणि हात माझ्या नाकाशी धरला.

झेंडू! दसऱ्यानंतर चार-सहा दिवसांनी दारावरचं सुकलेलं तोरण उतरवताना हाताला जो वास राहतो, नेमका तोच. तिथं त्याला इमेरेतीचं (हा जॉर्जियातला एक प्रांत) केशर म्हणतात आणि रोजच्या स्वयंपाकात घालतात. शेजारच्या डब्यात आणखी एक मसाला होता, त्याला मेथीचा वास येत होता. त्याचं नाव उत्सखो सुनेली, म्हणजे परका मसाला. ती खरोखरच आपल्या मेथीची बहीण आहे, निळ्या फुलांची मेथी. संध्याकाळी घरमालकिणीनं मला अक्रोड, लसूण, झेंडू, ही मेथी आणि थोडं व्हिनेगर असं वाटण करून दाखवलं. वांग्याचे लांब काप तळायचे, त्यावर ते वाटण पसरायचं आणि गुंडाळायचं. आपल्या भरल्या वांग्यांत दाण्याचं कूट असतं, त्यांच्यात अक्रोड. शाकाहारी माणसानं काय करायचं, या तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं सगळ्यात चांगलं उत्तर ही वांगी आहेत. आणि गंमत अशी की आपला तोरणाचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, मिरचीसारखाच. तिथं नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांसाठी त्याच्या फुलांची आरास करतात.

याच्या उलट अनुभवही सांगते. त्याआधी एका सहल कंपनीबरोबर इस्तंबूलला गेले होते. गाइडनं सगळ्यांना एका ठरलेल्या दुकानात नेलं आणि 'तुर्की केशर' स्वस्तात मिळतंय म्हणून आम्ही भराभर घेतलं. घरी श्रीखंडासाठी दुधात घातलं तर क्षणात दूध पिवळंधमक आणि वास काहीच नाही. त्या करडईच्या पाकळ्या होत्या. सोलापूरकडे जिच्या तेलात स्वयंपाक होतो, तीच करडई. खऱ्या केशराचा रंग सावकाश उतरतो, काडी बराच वेळ लाल राहते आणि तिचं एक टोक तुतारीसारखं रुंद असतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की आम्ही वीस जण होतो आणि एकानंही वास घेऊन पाहिला नाही. मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा आपण वास घेतो! गाइड नेईल त्या दुकानातून मसाला घेऊ नका. स्थानिक बायका जिथं रांग लावतात तिथून घ्या.

आता काही गोष्टी भराभर सांगते. सकाळी लवकर जा. सुटे पैसे जवळ ठेवा. युरोपात बऱ्याच ठिकाणी मालाला हात लावायचा नसतो, विक्रेताच निवडून देतो. भेंडीचं टोक मोडून बघायची आपली सवय तिथं चालत नाही. पाटीवर भाव लिहिलेला असेल तर घासाघीस करू नका. पोटाची भीती असेल तर कापून ठेवलेली फळं टाळा, डोळ्यांसमोर कढईतून निघालेलं खा. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर सामानातला खाण्याचा प्रत्येक पदार्थ उतरल्यावर जाहीर करावा लागतो, अगदी लाडू-चिवडासुद्धा. न सांगता नेला तर दंड होतो.

जपानबद्दल थोडं जास्त, कारण तिथं शाकाहारी माणूस सहज फसतो. क्योटोचा निशिकी बाजार म्हणजे जेमतेम चारशे मीटरची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना शंभरावर दुकानं. तिथं चालता चालता खाऊ नये अशी विनंती असते. घेतलं त्या दुकानासमोरच उभं राहून संपवायचं. भाजी दिसली तरी ती बऱ्याचदा माशाच्या पाण्यात, म्हणजे दाशीत, शिजवलेली असते, म्हणून 'दाशी आहे का?' एवढं तरी विचाराच. तांदळाच्या कोंड्यात मुरवलेली मुळ्याची, काकडीची लोणची तिथं मिळतात. आंबूस, कुरकुरीत आणि तेलाचा थेंब नसलेली. त्यांच्या कोंड्यातही कधी कधी सुका मासा किंवा दाशीची चव असते, तेव्हा तेही विचारूनच घ्या.

आणि मोठ्या इमारतीत अडकू नका. आपली मंडई १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. तिच्या बांधकामावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. बुडापेस्टचा मोठा बाजार १८९७ चा. वास्तू सुंदरच आहेत, पण चाकवत, चंदनबटवा, अंबाडी घेऊन बसलेली बाई मला मंडईत कायम बाहेरच्या कडेला भेटली आहे. तिबिलिसीतही घरच्या परसातली कोथिंबीर आणि तुळशीच्या जुड्या घेऊन आज्या बाहेर फुटपाथवरच बसल्या होत्या. आत एक चक्कर मारा, मग बाहेरून पूर्ण फेरी घ्या.

निघायच्या आधी एक करा. मेट्रोनं मंडई स्टेशनला उतरा, तुम्ही कधी न घेतलेली एक पालेभाजी घ्या आणि विकणाऱ्या मावशींना विचारा, 'ही कशी करायची हो?' त्या चटकन सांगतील, आणि भाजीवर दोन मिरच्याही टाकतील. हाच प्रश्न ज्या देशात जाताय तिथल्या भाषेत पाठ करून जा. कुठल्या देशात निघालात ते तुम्ही लिहिलेलं नाही. जॉर्जिया असेल तर खाली कळवा, झेंडूचा तो गाळा कोणत्या दारातून जवळ पडतो ते सांगते.