"मॅडम, आत भिंतच आहे"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरची बाई "आत..." म्हणून थांबली की पुढचं मला कळतं. या वेळी म्हणणारी होती सायली, नाव बदललंय, थोडे तपशीलही बदललेत. वय 29, माहेर इंदूरचंच, रामबागेतलं, सासर लोकमान्य नगर, लग्नाला 3 वर्षं झालेली आणि संबंध एकदाही नाही. नवरा बाहेर बाकावर बसलेला.

तिला एकच विचारायचं होतं, माझी जागा जन्मतःच छोटी आहे का आणि ऑपरेशन करून मोठी होते का. एका डॉक्टरबाईंनी तपासायला घेतलं तेव्हा ही टेबलावर वर वर सरकत पार डोकं भिंतीला टेकवून बसली, तर त्या वैतागून म्हणाल्या, "एवढं नाटक करशील तर मूल कसं होणार गं, रिलॅक्स हो, दोघं कुठेतरी फिरून या." मग हे गेले पचमढीला, 4 दिवस, तिथेही तेच. पचमढीचं सांगताना ती पहिल्यांदा रडली. म्हणे हॉटेलवाल्याने बेडवर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते आणि ते बघूनच माझं पोट आवळलं.

"रिलॅक्स हो" सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, आधीच सांगून ठेवते.

मी तिला विचारलं, डोळ्यात थेंब घालून घेता येतात तुला? ती हसली. म्हणाली छे, आई दोन बोटांनी पापणी धरून ठेवायची तरी अर्धं औषध गालावर. बस, हे तेच आहे. पापणीला तू "मीट" म्हणून सांगत नाहीस आणि "मिटू नको" म्हटलं म्हणून ती ऐकतही नाही. कमरेच्या हाडांच्या मधे खालून झोळीसारखे स्नायू असतात, लघवी, योनी आणि शौचाची जागा तिन्ही त्यांच्यातून जातात, आणि आत काही येतंय म्हटलं की काहीजणींचे हे स्नायू आपोआप गच्च आवळतात. वाटते ती भिंत म्हणजे हे स्नायू. जागा छोटी नसते, दार बंद असतं, आणि ते तू मुद्दाम लावलेलं नाहीस. याला म्हणतात व्हजायनिस्मस. नाव 1860 च्या दशकात सिम्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने दिलं आणि त्याचा उपाय होता काप देणं, म्हणजे दुखतंय तिथे अजून दुखवणं, असो. 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात दुखणं, भीती आणि आवळणं हे सगळं मिळून एकच निदान धरतात, आणि मला ते पटतं कारण खोलीत बसलेल्या बाईत ते वेगळं काढताच येत नाही. एकदा दुखलं की भीती, भीतीने आवळणं, आवळलं की अजून दुखणं, असं ते चक्र फिरत राहतं.

आणि इच्छा नसते असंही नाही हं. सायलीला नवरा आवडतो, जवळ येणं आवडतं, फक्त त्या एका क्षणी शरीर बंद.

हे बोलताना मी तिच्या पायांकडे बघत होते. चप्पल काढून बसलेली आणि पायाची बोटं सतरंजीत रुतलेली, श्वास वरच्या वर. म्हटलं लघवी लगेच सुरू होते का? नाही म्हणाली, बसून राहावं लागतं, आणि शाळेत तर मी कधी गेलेच नाही, सकाळी घरून जायचं ते दुपारी घरी येऊनच. आता आपलं इंदूर स्वच्छतेत नंबर 1 वगैरे आहे पण तेव्हाच्या शाळेतल्या बाथरूमची आठवण काढू नका. वर्षानुवर्षं धरून ठेवायची सवय, त्यात लग्नाच्या आदल्या रात्री मामेबहिणीने रक्ताच्या गोष्टी सांगून घाबरवलेलं. काहीजणींच्या बाबतीत मागे जबरदस्ती झालेली असते, मग काम वेगळं आणि फार हळू करावं लागतं, पण प्रत्येकीच्या मागे तसं असतंच असं नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे आधी तिला ओळखीच्या एका शांत स्वभावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी आत काही न घालता बाहेरूनच बघितलं, कापसाच्या काडीने हलकं टेकवून कुठे दुखतं ते विचारलं, सोनोग्राफी पोटावरून केली. इन्फेक्शन नाही, योनीचा पडदाही नॉर्मल. हे तपासणं गरजेचंच, विशेषतः आधी सगळं ठीक होतं आणि बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर दुखायला लागलं असेल तर.

मग पहिला नियम दोघांना सांगितला, काही आठवडे प्रयत्न पूर्ण बंद. जवळ या, मालिश करा, हसा, पण "ते" नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं आणि तो हळूच म्हणाला, "मॅडम, मला वाटायचं हिला मी पसंतच नाही." 3 वर्षं हे पोटात ठेवून फिरत होता बिचारा.

सायली यूट्यूब बघून 6 महिने केगल, म्हणजे हेच स्नायू आवळायचा व्यायाम, करत होती. म्हणजे आधीच आवळलेलं रोज अजून आवळायचं. तिला उलटं शिकवायचं होतं. पोटाने श्वास आत घेतला की ही झोळी थोडी खाली उतरते, त्या वेळी शू सुरू होताना जसं सोडतो तसं सोडायचं. फिजिओ मॅडमनी हेच हात ठेवून शिकवलं. नंतर आरसा, मग स्वतःचं बोट, नख कापलेलं, भरपूर जेल, मग डायलेटर, म्हणजे बोटाएवढ्या जाडीपासून हळूहळू मोठ्या होत जाणाऱ्या गुळगुळीत नळ्या. रोज 10-15 मिनिटं, ताण जाणवला तर थांबून श्वास, दुखलं तर मागे, जबरदस्ती अजिबात नाही. सुन्न करणारं क्रीम लावू का, थोडी वाईन घेऊ का, हे दोन्ही तिने विचारलं आणि दोन्हीला मी नाही म्हटलं, त्याने शरीर काही शिकत नाही. कुठे कुठे स्नायू सैल पडावेत म्हणून बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात, पण सुरुवात तिथून करायची नाही.

खरी अडचण वेगळीच. डायलेटरचं कुरियर आलं तेव्हा दारात सासूबाई. काय मागवलंस गं? ही म्हणाली केसांचे रोलर. डबा सुटकेसमधे कुलूप लावून, आणि सराव फक्त मंगळवार-शुक्रवार दुपारी, सासूबाई भजनी मंडळाला गेल्या की. रोज कुठलं जमतंय. म्हणून वेळ लागला. दुसऱ्या नंबरच्या नळीवर ती पाच आठवडे अडकली, मधे एकदा चिडून सगळं सोडूनही दिलं, दिवाळीनंतर पुन्हा सुरू.

परवा मेसेज आला, "मॅडम 4 नंबर झाला!! पण सासूबाई म्हणतायत लग्नाला जायचंय, तुझे ते रोलर दे जरा, काय सांगू?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.