कासवाचं नाक वाहतंय? आधी ऊब, मग औषध

प्रश्न : आमच्या सल्काटा कासवाचं (केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदलेलं, वजन ८५० ग्रॅम) आठवडाभर नाक वाहतंय, बुडबुडे येतात, खाणं कमी झालंय. डॉक्टरांनी सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकाचं इंजेक्शन दर तीन दिवसांनी सांगितलंय. इतकं अंतर चालेल? व्हिक्सची वाफ द्यावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अंतर बरोबर आहे. हे औषध कासवाच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, म्हणून किलोमागे २० मिलिग्रॅम, ७२ तासांनी, असा प्रघात आहे. तुमच्या कासवाला १७ मिलिग्रॅमच्या आसपास बसेल. इंजेक्शन पुढच्या पायातच द्यायचं. मागच्या भागातलं रक्त, आणि त्याबरोबर औषधही, आधी मूत्रपिंडांकडे जाऊ शकतं. कोर्स तीन ते सहा आठवडे चालतो. आठ दिवसांत नाक कोरडं झालं की लोक थांबवतात आणि महिन्याभरात पुन्हा दवाखान्याची पायरी चढतात.

पण खरी मेख उबेत आहे. कासवाचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं. थंडीत त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते आणि औषधही नीट काम करत नाही. नाशिकला हिवाळ्यात रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा नुसत्या पोत्याने भागणार नाही. बरं होईपर्यंत पेटीत रात्रंदिवस २७-२८ अंश आणि दिवसा दिव्याखाली एका कोपऱ्यात ३५ अंश हवेत. सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडा आणि थर्मामीटर कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावा. भिंतीवर वर टांगलेला थर्मामीटर हमखास फसवतो.

व्हिक्स नको, निलगिरी तेलही नको. कासवाला छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, नीट खोकता येत नाही. फुप्फुसात साचलेलं आपोआप बाहेर पडत नाही, आणि त्याचा पू पातळ नसून पनीरसारखा घट्ट असतो. नेब्युलायझरमधून साधं सलाईन (०.९ टक्के) दिवसातून दोनदा, १५-२० मिनिटं द्या. रोज तितकाच वेळ हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवा. पाणी ओठांना लागलं की ते पितं. मग अंग पुसून लगेच पेटीत ठेवा. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. मान ताणून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर सकाळची वाट पाहू नका.

गवताची धूळ किंवा नाकपुडीत अडकलेली काडी यानेही नाक वाहतं. मग बहुधा एकच नाकपुडी वाहते आणि भूक शाबूत असते.

प्रश्न : लाल कानाचं पाणकासव एका बाजूला कलून पोहतंय. डोळे सुजलेत. खायला फक्त सुकी कोळंबी देतो. – पुणे

उत्तर : दोन्ही लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. नुसत्या सुक्या कोळंबीतून अ जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही. मग डोळ्यांचं आणि श्वासनलिकेचं अस्तर जाड होतं, त्यावर जंतू बसतात. ज्या फुप्फुसात निमोनिया असतो ती बाजू बुडते. पोटातल्या वायूनेही कलतं, म्हणून समोरून घेतलेला एक्स-रे मागा; त्यात डावं-उजवं फुप्फुस शेजारीशेजारी दिसतं. पाणी २८-३० अंश आणि इतकंच उथळ ठेवा की उभं राहून नाक बाहेर निघेल. चढून बसायला पूर्ण कोरडी जागा आणि त्यावर दिवा हवाच. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मात्र स्वतःच्या मनाने नको, जास्त झालं तर कातडी सोलवटते. खाऊ लागलं की चांगल्या प्रतीचे पेलेट्स (तयार खाद्यगोळ्या), शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर द्या. काचेच्या खिडकीतलं ऊन धरू नका, काच उन्हातले यूव्हीबी किरण अडवते.

आणि कुणी आयव्हरमेक्टिन सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. कुत्र्यांना चालणारं हे जंतनाशक कासवाचा जीव घेतं.

प्रश्न : मित्राने दिलेल्या तारा कासवाला सर्दी झालीय. घरी काय उपचार करू? – सातारा

उत्तर : तारा कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते घरी ठेवणंच गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तोवर उबदार, कोरड्या खोक्यात ठेवा, बळजबरीने काही भरवू नका आणि रानात नेऊन सोडू नका. आजारी कासवाचा संसर्ग तिथल्या कासवांना लागू शकतो.