जुलैत व्हेगस, मुलं आणि आजी-आजोबा: आधी अकरा ते सातचं काय ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: लॉस एंजेलिसहून गाडीने, जुलैत, शुक्रवार ते बुधवार, पाच रात्री लास व्हेगस. बरोबर पाच आणि अकरा वर्षांची दोन मुलं आणि भारतातून आलेले आजी-आजोबा. मुलांसाठी तिथे काही आहे का, की नुसताच खर्च?

आहे, पण पाच रात्रींइतकं नाही. दोन रात्री मजेत जातात, तिसरी ओढूनताणून. चौथ्या दिवशी मुलं टॅबलेट घेऊन खोलीत बसतात, आणि तेवढ्यासाठी चार तास गाडी हाकायची गरज नव्हती.

"व्हेगस मुलांसाठी चांगलं का" यावर वाद घालण्यापेक्षा एकच गोष्ट कागदावर लिहा: रोज सकाळी 11 ते संध्याकाळी 7 या वेळात आपण सहा जण नेमके कुठे असणार? जुलैत तिथे दुपारी सरासरी 105 फॅरनहाइट, म्हणजे 40 सेल्सियस असतं. 7 जुलै 2024 ला 120 झालं होतं, तो तिथला उच्चांक. रात्री दहालाही पारा बऱ्याचदा 95 च्या आसपास असतो. म्हणजे फिरायला उरतात पहाट आणि रात्र. मधल्या आठ तासांचं उत्तर तुमच्याकडे असेल तर खुशाल जा. "स्ट्रिपवर (मोठी हॉटेलं आणि कसिनो असलेल्या मुख्य रस्त्यावर) फिरू" हे उत्तर नव्हे.

स्ट्रिप चार मैलांहून लांब आहे. इमारती इतक्या अवाढव्य की समोर दिसणारं हॉटेल दोन मिनिटांवर वाटतं आणि पोचायला वीस लागतात. मँडले बे ते बेलाजिओ या दोन हॉटेलांत सुमारे दोन मैल. शिवाय खोलीतून निघून लिफ्ट, मग कसिनोचा वळसा, मग रस्ता, यातच दहा मिनिटं जातात. मोठे चौक पादचारी पुलांवरून ओलांडावे लागतात आणि तिथले सरकते जिने बंद असणं नवीन नाही. लिफ्ट असते, पण ती शोधावी लागते. आजींचे गुडघे दुखत असतील तर हे आधी लक्षात घ्या. (या पुलांवर थांबायला जानेवारी 2024 पासून कायद्याने बंदी आहे. फोटो खाली उतरून काढा.)

कोरड्या हवेचा घोटाळा मुंबई-पुण्याकडून आलेल्यांना पटकन कळत नाही. घाम येतो, पण येतो तसा उडून जातो. अंग चिकचिक करत नाही, म्हणून "इतकं काही गरम नाही" असं वाटतं आणि पाणी प्यायचं राहतं. तासाभराने डोकं दुखायला लागतं, मूल चिडचिड करतं. चालताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर लागतं, आणि तेही तहान लागण्याआधी. आजी-आजोबांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवा, नाहीतर औषधांच्या दुकानात पेडियालाइट मिळतं. दुसऱ्या दिवशी नाकातून थोडं रक्त आलं तर घाबरू नका, कोरडेपणाने होतं. नाकाला आतून हलकं व्हॅसलीन लावलं की बरं वाटतं.

जमिनीबद्दल मात्र घाबराच. दुपारी डांबर आणि पोहण्याच्या तलावाभोवतीची फरशी अनवाणी पायाला काही सेकंदांत भाजते. तिथल्या इस्पितळांत दर उन्हाळ्यात रस्त्यावर पडून भाजलेले रुग्ण येतात. मुलांच्या चपला अगदी पाण्याच्या काठापर्यंत पायात राहू द्या. गाडीत कार सीटच्या बकलवर टॉवेल टाकून ठेवा.

आता त्या आठ तासांचं खरं उत्तर: पूल, म्हणजे पोहण्याचा तलाव. तुमच्या मुलांची सहल हॉटेलच्या पूलवर ठरणार आहे, म्हणून आधी पूल निवडा आणि मग हॉटेल. मँडले बेमध्ये वाळूचा किनारा, लाटांचा पूल आणि लेझी रिव्हर (तरंगत फिरायचा संथ वाहता कालवा) आहे. पण लाटांच्या पूलमध्ये उतरायला 48 इंच उंची लागते. अकरा वर्षांचं मूल जाईल, पाच वर्षांचं बहुधा काठावरून रडेल. एमजीएम ग्रँडलाही लेझी रिव्हर आहे. डाउनटाउनमधल्या गोल्डन नगेटमध्ये शार्कच्या टाकीतून जाणारी घसरगुंडी आहे, अकराच्या वयाला ती फार आवडते. सर्कस सर्कस जुनं झालंय आणि खोल्यांवर ते दिसतं, पण तिथे घसरगुंड्यांचा पूल आणि पूर्ण छताखाली, एसीत असलेला ॲडव्हेंचरडोम (पाळण्यांचं मनोरंजन उद्यान) असं दोन्ही आहे. पाच वर्षांच्या मुलासाठी एवढं सगळं एका छपराखाली दुसरीकडे नाही.

पूलचे काही बारकावे. एका हॉटेलात राहून दुसऱ्याच्या पूलवर जायची कल्पना सोडा, बहुतेक ठिकाणी खोलीची किल्ली बघूनच आत घेतात. खुर्च्या फुकट असतात, सावली विकत असते. छत्रीखालची किंवा झाडाखालची खुर्ची हवी तर उघडताच जाऊन पकडा, दहानंतर मिळत नाही. बरेच पूल संध्याकाळी सहा-सातलाच बंद होतात, त्यामुळे "ऊन उतरलं की पोहू" हे गणित जमत नाही. काही हॉटेलांत एक पूल फक्त प्रौढांसाठी असतो आणि तिथे दुपारपासून दणदणीत संगीत चालतं. खोली घेताना खिडकी कोणत्या पूलकडे आहे ते विचारा.

आजी-आजोबांसाठी मोठी अडचण उन्हापेक्षा धुराची आहे. नेवाडात इमारतींच्या आत धूम्रपानाला बंदी आहे, पण कसिनोचा मजला तिच्यातून वगळलेला आहे. आणि हॉटेलांची रचनाच अशी की लिफ्ट, जेवण, पूल, कुठेही जायचं तर वाट कसिनोतूनच. दमा असेल तर कसिनोच नसलेलं हॉटेल घ्या: व्हडारा, एमजीएम ग्रँडचे सिग्नेचर टॉवर, किंवा इलारा. पार्क एमजीएममध्ये कसिनो आहे, पण धूम्रपान पूर्ण बंद आहे. कसिनो नसलेल्या हॉटेलांत दुसरा फायदा म्हणजे बहुतेक खोल्यांत छोटं स्वयंपाकघर असतं. नेहमीच्या हॉटेलात साधी किटलीही नसते. सकाळच्या सहा चहांसाठी रोज खाली रांग लावायची आणि तीस डॉलर मोजायचे, हे दुसऱ्या दिवशीच आजोबांच्या डोक्यात जाईल.

खोलीतल्या मिनीबारला मुलांना हात लावू देऊ नका. पुष्कळ हॉटेलांत त्याखाली सेन्सर असतो, डबा उचलून बघितला तरी बिलात चढतो. त्या फ्रिजमध्ये आपलं दूध ठेवायला गेलात तरी तेच. वेगळा फ्रिज मागितला तर मिळतो, बहुधा पैसे घेऊन.

कसिनोत एकवीसखालच्यांना रेंगाळता येत नाही. पालकांबरोबर वाटेवरून चालत गेलं तर चालतं, पण मूल मशीनपुढे थबकलं की सुरक्षारक्षक लगेच "पुढे चला" म्हणतो. त्यात अपमान नाही, त्याचं कामच ते. रात्री रस्त्यावर अर्धनग्न पोशाखातल्या फोटोवाल्या, जाहिरातींचे ट्रक आणि गांजाचा वास हे सगळं आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या ते लक्षात येत नाही, अकरा वर्षांचं प्रश्न विचारतं, आणि आजींशेजारी ते प्रश्न ऐकावे लागतात. कार्टूनचे पोशाख घातलेल्यांबरोबर फोटो काढलात की पैसे मागतातच. मुलांना आधी सांगून ठेवा.

दिवस असा बसवा. बाहेरचं काही असेल तर सकाळी साडेसहाला निघून दहापर्यंत परत. मग साडेबारापर्यंत पूल. जेवण, पडदे ओढून चारपर्यंत झोप. ही झोप सोडू नका, रात्रीची सगळी मजा तिच्यावर आहे. चारनंतर छताखालचं एक काहीतरी: मँडले बेमधलं शार्क रीफ मत्स्यालय, बेलाजिओतली फुलांची कन्झर्व्हेटरी (फुकट, आणि ऋतूप्रमाणे बदलते), किंवा हाय रोलर, 550 फूट उंचीचा पाळणा, एक फेरी अर्ध्या तासाची, डबा एसी. रस्त्यावर साडेसातनंतर उतरा. बेलाजिओची कारंजी रात्री दर पंधरा मिनिटांनी होतात, वारा जोराचा असला तर रद्द होतात. स्फिअर (बाहेरून चित्रं झळकणारं प्रचंड गोल सभागृह) बाहेरून बघायला तिकीट लागत नाही आणि पाच वर्षांच्या मुलाला बाहेरून तेवढा पुरतो. आत सगळीकडे एसी कडक असतो, प्रत्येकाला एक पातळ स्वेटर हवाच.

जुने लेख वाचून यादी करू नका. मिराजचा ज्वालामुखी जुलै 2024 मध्ये हॉटेलबरोबरच बंद झाला, तिथले वाघ-डॉल्फिन त्याआधीच गेले होते, आणि ट्रेझर आयलंडच्या चाच्यांचा खेळ 2013 पासून नाही. मुलांना कबूल करून बसाल आणि तिथे बांधकामाचं कुंपण दिसेल.

"व्हेगसहून ग्रँड कॅन्यन दोन-अडीच तास" हेही नीट समजून घ्या. ते ग्रँड कॅन्यन वेस्ट, काचेचा स्कायवॉक असलेलं. ते वालापाई जमातीच्या जमिनीवर आहे, राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही आणि सहा जणांचं तिकीट जड पडतं. फोटोंत बघितलेलं राष्ट्रीय उद्यान म्हणजे साउथ रिम, एका बाजूला सुमारे 280 मैल. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट पाच वर्षांच्या मुलासाठी शिक्षा आहे. जवळचं हवं तर हूव्हर धरण, पाऊण तास, सकाळी नऊच्या आत, कारण ते काँक्रीट दिवसभर तापत जातं. किंवा रेड रॉक कॅन्यनचा 13 मैलांचा रस्ता गाडीतूनच. तिथे ऑक्टोबर ते मे वेळ आरक्षित करावी लागते, जुलैत नाही. आजी-आजोबांना खरं सुख माउंट चार्ल्सटनला मिळेल: तासाभरावर, पाइनची झाडं, खालच्यापेक्षा वीस-तीस अंश फॅरनहाइट थंड. जुलै ते सप्टेंबर दुपारी वादळी पाऊस होतो आणि कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतो. वाहत्या पाण्यातून गाडी घालायची नाही, पाणी वीतभर दिसलं तरी.

पैशांचं एक उदाहरण. मंगळवारची खोली 60 डॉलर दिसली, रिसॉर्ट फी (हॉटेल रोज लावतं ते सक्तीचं जादा शुल्क) 50, दोन्हींवर 13.38 टक्के कर. झाले जवळपास 125, वर पार्किंग वेगळं. मे 2025 पासून फीसकट किंमत आधीच दाखवणं सक्तीचं आहे, पण कर त्यात नसतो. सहा जणांना दोन खोल्या, म्हणजे सगळं दुप्पट. चार माणसांच्या खोलीत तिसऱ्या-चौथ्या प्रौढाचे जादा पैसे लावतात, म्हणून एका खोलीत दोन प्रौढ आणि मुलं, दुसरीत आजी-आजोबा असं नोंदवा आणि जोडखोल्या मागा. चेक-इनला कार्डावर अनामत अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर ते पैसे सुटायला दिवस लागतात, क्रेडिट कार्डच द्या. चेक-इन दुपारी तीनला असतं. लवकर पोचलात तर सामान बेल डेस्कला द्या आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत वेगळे ठेवा. नाव नोंदवलं की खोलीआधी पूलवर सोडतात का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी सोडतात.

म्हणून शुक्रवार ते बुधवारऐवजी रविवार ते बुधवार करा. शुक्रवार-शनिवारी तीच खोली दुप्पट-तिप्पट होते, आणि रविवारी दुपारी आय-15 महामार्गावर सगळं व्हेगस लॉस एंजेलिसकडे परतत असतं. तुम्ही उलट दिशेने जाल, मोकळ्या रस्त्याने. उरलेल्या दोन रात्री समुद्रकिनारी कुठेतरी घालवा.

पहाटे पाचला निघा. वाटेतल्या बारस्टो गावात टाकी भरा. गाडीत माणशी चार लिटर पाणी असू द्या, कारण वाळवंटात टायर फुटला तर मदत यायला तास लागू शकतो. पुढच्या बेकर गावात 134 फूट उंचीचा थर्मामीटर आहे (जवळच्या डेथ व्हॅलीत 1913 साली नोंदलेल्या 134 अंशांची आठवण म्हणून), मुलांना तिथे उतरवून पाय मोकळे करू द्या. बेकरच्या पुढे लांब चढ लागतो, तिथे इंजिनाच्या तापमानावर डोळा ठेवा. काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करून खिडक्या उघडा. पहाटे निघालात तर तोवर जेमतेम आठ वाजलेले असतील आणि उघड्या खिडक्या सहन होतील.