जुन्या एमजीबीचा शाफ्ट थेट बॅलन्सिंगला टाकावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडात १९७३ ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार) घेतली, ताशी ५५ मैलांच्या पुढे सीटखालून घरघर सुरू होते, ६५ ला आरशातलं काही दिसेनासं होतं. चारी चाकं बॅलन्स करून झाली, फरक शून्य. आता प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा फिरता लांब दांडा, काढून बॅलन्सिंगला द्यावा का?

द्या, पण सगळ्यात शेवटी. माझी १९७१ ची आहे, कॉव्हेंट्रीजवळ राहतो, आणि मी नेमकं उलट केलं होतं. शाफ्ट आधी बॅलन्स करून आणला, पैसे मोजले, गाडीला चढवला, घरघर तशीच. मागच्या क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकणाऱ्या सांध्यात, प्ले (ढिलेपणा) होता. चांगला कारागीर ढिला क्रॉस असलेला शाफ्ट मशीनवर चढवतच नाही. मला भेटला तो चढवणारा होता.

आधी दोष शाफ्टचाच आहे का ते बघा. एमजीबीचं डिफरन्शियल (शाफ्टची गती मागच्या चाकांना देणारा गिअरांचा डबा) ३.९ चं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे जवळजवळ चार. ताशी ६० मैलांना चाक मिनिटाला साडेआठशेच्या आसपास फिरतं, शाफ्ट ३३५० च्या. त्यामुळे चाकाचा दोष असेल तर हादरा हलवल्यासारखा येतो, पुढचं चाक असेल तर स्टिअरिंगमध्ये. शाफ्टचा दोष बारीक आणि जलद, मिक्सर चालू असलेल्या ओट्यावर हात ठेवल्यासारखा. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. इंजिनावरचा संशय घालवायचा तर ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला, इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असल्यास वेग तोच ठेवून ते चालू-बंद करा. शाफ्ट ओव्हरड्राइव्हच्या मागे असतो. गाडीचा वेग तोच राहिला की शाफ्टचाही तोच राहतो, बदलतो फक्त इंजिनाचा. घरघर बदलली नाही तर इंजिन सुटलं. ओव्हरड्राइव्ह नसेल तर रस्ता मोकळा बघून ६० ला क्लच दाबा, काम तेच.

मग गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि गाडीखाली शिरा. शाफ्टला हात लावण्याआधी नुसतं बघा. इथे मिठाच्या रस्त्यांपायी लोक दर हिवाळ्याआधी खालून काळा अंडरसील मारून घेतात आणि मारणारा शाफ्ट झाकत नाही. शाफ्ट स्थिर असतो, त्यामुळे थर एकाच बाजूला बसतो. माझ्या शाफ्टवरून पोळपाटाला चिकटलेल्या कणकेसारखा खरवडून काढला आणि बायकोच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर १८ ग्रॅम! हसू नका. नळीच्या कडेला, मध्यापासून २५ मिलिमीटरवर, नुसते १० ग्रॅम जास्त असले तरी ३३५० फेऱ्यांना ते सुमारे ३ किलोच्या जोराने ओढतात, सेकंदाला छप्पन्न वेळा दिशा बदलत. आणि जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ५५ ला कुरकुर आणि ६५ ला थयथयाट. खरवडताना नळीच्या टोकांना वेल्ड केलेले छोटे पत्रे दिसले तर त्यांना हात लावू नका, ती कारखान्यातली बॅलन्सिंगची वजनं.

आता क्रॉस. एक हात शाफ्टवर, दुसरा फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीवर), आणि उलटसुलट पीळ द्या. डिफरन्शियलचा थोडा प्ले असतोच, तो वेगळा. तुम्हाला बघायचंय ते क्रॉस आणि त्याला धरणाऱ्या दोन कानांच्या योकमधलं अंतर. डोळ्याला हललेलं दिसलं की क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या वाटीच्या सीलभोवती तांबूस भुकटी दिसली तर ग्रीस कधीच संपलंय.

शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि पुढच्या सरकत्या स्प्लाइनवर (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात त्या दातेरी जोडावर) पांढऱ्या रंगाच्या खुणा करा. खडूच्या नकोत, तेलाने पुसल्या जातात. दोन्हीकडे चार-चार बोल्ट, गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला. पुढचे बोगद्यात, म्हणजे शाफ्टसाठी गाडीच्या तळाला केलेल्या उंचवट्यात, अडचणीचे आहेत, तिथे बोटांची सालं जातात. एमजीबीला गिअरबॉक्सकडे फ्लँज असल्याने तेल सांडत नाही. एमजीच्याच छोट्या, जुन्या मिजेटवाल्यांचा शाफ्ट थेट गिअरबॉक्समध्ये शिरतो, त्यांना खाली ट्रे धरावा लागतो.

स्प्लाइनच्या खुणेवर मी अडून बसतो, कारण इथेच बहुतेक घोळ होतात. वाकलेला क्रॉस जॉइंट एकसारखी गती पुढे देत नाही. एका फेऱ्यात दोनदा वेग वाढतो, दोनदा कमी होतो. (यालाच हुकचा जॉइंट म्हणतात. हा हुक तोच, ज्याचा स्प्रिंगचा नियम आपण शाळेत घोकला.) दुसऱ्या टोकाचा जॉइंट ही चूक उलटी फिरवून फेडतो, पण शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत असतील तरच. स्प्लाइन काही दात सरकून बसली की फेडण्याऐवजी भर पडते, आणि तो हादरा कितीही वजनं लावली तरी जात नाही. आधीच्या मालकाने काही केलं असेल तर त्याने केलेल्या बाणांच्या खुणांवरही विश्वास टाकू नका, शाफ्ट सपाट फरशीवर ठेवून योक एका रेषेत आहेत का ते डोळ्यांनी बघा.

नवा क्रॉस घालताना सर्क्लिप (वाटीला जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढा, व्हाइसमध्ये एका बाजूला छोटा सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठा, आणि वाटी ढकलून बाहेर. हे सोपं. नवी बसवताना माझी वाटी शेवटच्या दोन मिलिमीटरवर अडली. मी व्हाइस आवळतोय, सर्क्लिप खोबणीत बसेना. उघडलं तर बेअरिंगची एक सुई (बारीक लोखंडी काडी) उभी राहायची सोडून वाटीच्या तळाशी आडवी झोपलेली. आणखी आवळलं असतं तर वाटीच फुटली असती. आता सुया दाट ग्रीसमध्ये चिकटवून घेतो आणि क्रॉसचं टोक हाताने आत धरूनच वाटी दाबतो. सर्क्लिप बसल्यावर जॉइंट बोटाने फिरला पाहिजे. घट्ट वाटला तर योकच्या कानावर तांब्याच्या हातोडीने एक टिचकी, वाटी मागे सरकून बसते. निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) असलेलेच क्रॉस घ्या, आणि ग्रीस चारही सीलमधून डोकावेपर्यंत भरा. स्प्लाइनच्या निप्पलला मात्र दोन-तीन पंप पुरे, ठासून भरलं तर स्प्लाइन सरकायचीच थांबते.

आता न्या बॅलन्सिंगला. आधी नळी डायल गेजवर फिरवून दाखवायला सांगा. पाव मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडी असेल तर वजनं लावण्यात अर्थ नाही, नळी बदला. बॅलन्स दोन्ही टोकांना स्वतंत्र व्हायला हवा, आणि ग्रेड जी-१६ (बॅलन्समध्ये किती चूक चालेल ते सांगणारा दर्जा) मागा. समजा शाफ्ट सात किलोचा आहे, तर आपल्या वेगाला प्रत्येक टोकाला ढोबळमानाने सहा ग्रॅम एवढीच चूक शिल्लक राहू शकते. स्प्लाइन तुमच्या खुणेवर जोडूनच द्या आणि परत आल्यावर वेगळी करू नका.

चढवताना आठही नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) नवे. जुन्या खुणा जुळवा. तरी किंचित घरघर राहिली तर मागचे चार बोल्ट काढून फ्लँज अर्धा फेरा फिरवून लावून बघा, कधी कधी एवढ्याने मिटतं.

एक राहिलं. गिअर टाकताना किंवा अॅक्सलरेटर सोडताना मागून ठक्क असा आवाजही येतो का, आणि गाडीला तारांची चाकं आहेत की स्टीलची, ते लिहा. तारांची असतील तर हबवरच्या स्प्लाइनचे दात झिजूनही हुबेहूब क्रॉससारखा ठोका येतो, आणि त्यासाठी शाफ्ट उतरवायची गरज नाही.