कॉमिक कॉनमध्ये पहिला स्टॉल लावताना

मुंबई कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, तुमची चित्रे विकायला तुम्हाला टेबल मिळाले, याबद्दल मनापासून अभिनंदन. सुरुवातीला मालाच्या संख्येपेक्षा मांडणीकडे अधिक लक्ष द्या. सगळी चित्रे टेबलावर आडवी पसरली, तर समोर दोन माणसे उभी राहताच मागून जाणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून लोखंडी जाळी उभी करून निवडक ए-३ प्रिंट नजरेच्या टप्प्यात लावा आणि प्रत्येकाखाली किंमत ठळक लिहा, कारण भाव विचारायला संकोचणारी कॉलेजची मुले न विचारताच पुढे निघून जातात.

एकाच चित्राच्या ढीगभर प्रती छापून आणणे, ही नवख्यांची नेहमीची चूक. त्याऐवजी अधिक चित्रांच्या थोड्या प्रती आणा. स्टिकर आणि बुकमार्क पुढच्या कडेला ठेवा. खिशात शंभरच रुपये उरलेला चाहताही ते आनंदाने घेतो. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क हमखास रखडते, तेव्हा क्यूआर कोड लावलात तरी दहा-वीसच्या नोटा जवळ असू द्या.

प्रसिद्ध पात्रांची चित्रे चटकन खपतात हे खरे. परंतु त्या पात्रांचे हक्क इतरांकडे असतात, आणि भारतात स्वामित्वहक्क निर्मात्याच्या निधनानंतरही ६० वर्षे टिकतो. आयोजकांचे नियम आधी वाचा आणि तुमची स्वतःची पात्रे पहिल्या दिवसापासून मध्यभागी मांडा, कारण तुमचे नाव लक्षात राहील ते त्यांच्यामुळेच, असे माझे ठाम मत आहे.

छपाईच्या कागदाचे बारकावे आणि ऑनलाइन दुकान सध्या बाजूला ठेवा. मदतीला एक विश्वासू सोबती मात्र अवश्य आणा, म्हणजे जेवायला उठताना टेबल रिकामे राहणार नाही.